सातवा महिना आणि धानाची रोवणी

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड आणि त्याच्या आसपासची गावे ही धानाची व जंगलाची गावे होत. उन्हाळ्याच्या अखेरीस तेंदूपत्त्याची तोडणी, मृगाच्या सरींबरोबर पऱ्ह्यांची पेरणी, पुढे रोवणी आणि दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी, असा येथील कामांचा क्रम आहे. या प्रत्येक कामात स्त्रियांचा वाटा मोठा असतो. रोवणी तर बहुतांशी त्यांच्याच हातांनी होते. खत केव्हा आणावयाचे, पऱ्हे किती दिवसांचे झाले म्हणजे उपटावयाचे, याचा हिशेब येथील शेतकरी बिनचूक ठेवतो. परंतु त्याच घरात एखादी सून अथवा लेक गर्भवती असेल, तर तिचे किती दिवस भरले, प्रसूती कोणत्या आठवड्यात येईल आणि त्या आठवड्यात गावाबाहेरचा नाला भरलेला असेल काय, हा हिशेब मात्र पुष्कळ घरांतून ठेवला जात नाही. वेणा सुरू झाल्यावर मग धावाधाव होते आणि तेवढ्यात बहुमोल वेळ निघून जातो.

हा वेळ वाचवावयाचा असेल, तर तयारी सातव्या महिन्यातच केली पाहिजे. गर्भारपणाची शेवटची तिमाही तेव्हाच सुरू होते. या काळात काय अपेक्षित आहे, कोणता त्रास स्वाभाविक आणि कोणता धोक्याचा, हे घरातील सर्वांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दिवसांचा हिशेब

गर्भारपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळविले, म्हणजे प्रसूतीची अंदाजी तारीख मिळते. हा काळ २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा होतो. त्यांपैकी २८ आठवडे पूर्ण झाले, म्हणजे शेवटची तिमाही लागली असे समजावे.

उदाहरणार्थ, एखाद्या स्त्रीची शेवटची पाळी १ नोव्हेंबर रोजी आली असेल, तर तिची प्रसूती ८ ऑगस्टच्या सुमारास अपेक्षित आहे. तिचे २८ आठवडे १६ मे रोजी पूर्ण होतात. त्या वेळी तेंदूपत्त्याचा हंगाम आणि विदर्भातील कडक ऊन दोन्ही असतात. ३४ आठवडे २७ जूनला भरतात. तेव्हा पऱ्हे वर येत असतात. ३७ आठवडे १८ जुलैला पूर्ण होतात आणि ऐन रोवणीत, नदीनाल्यांना पूर येण्याच्या दिवसांत तिचे दिवस भरतात. अशा घरात जुलैमध्ये विचार करू म्हटले, तर त्याला उशीर झाला. मे महिन्यातच, रस्ते कोरडे आहेत तोवर, सर्व गोष्टी ठरवून ठेवल्या पाहिजेत.

प्रसूती नेमक्या त्याच तारखेला होईल असे नाही. ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर ती केव्हाही होऊ शकते. म्हणून सर्व सिद्धता त्यापूर्वीच झालेली असावी. पाळीची तारीख ध्यानात नसेल, तर आरंभीच्या महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून दिवस ठरविता येतात. काढलेली तारीख घरातील दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी.

या काळात काय घडते

अठ्ठाविसाव्या आठवड्यात गर्भाचे वजन सुमारे एक किलो असते. त्याच्या पापण्या उघडू लागतात, आवाज त्याला ऐकू येतो आणि त्याचे हातपाय चांगले हलतात. मात्र फुप्फुसे अद्याप पक्व झालेली नसतात. पुढील बारा आठवड्यांत त्याचे वजन तिपटीच्या आसपास वाढते, अंगावर चरबी धरते, फुप्फुसे तयार होतात आणि बहुधा डोके खाली येते.

'सातव्या महिन्यातले मूल वाचते, आठव्यातले वाचत नाही' अशी एक समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. मूल उदरात जितके अधिक आठवडे राहील, तितके पूर्ण दिवसांपर्यंत ते अधिक सशक्त होते. म्हणून आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्यास निराश होऊन घरी बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. ३४ आठवड्यांपूर्वी कळा सुरू झाल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून मातेला इंजेक्शन देता येते. त्याचा उपयोग प्रसूतीपूर्वी काही तास मिळाले तरच चांगला होतो.

मातेच्या शरीरातही फरक पडतात. पोट वाढल्याने कंबर दुखते, जेवणानंतर छातीत जळजळ होते, चढ चढताना दम लागतो, वारंवार लघवीला जावे लागते, रात्री पिंढऱ्यांत गोळे येतात आणि संध्याकाळी घोट्यांवर थोडी सूज दिसते. शौचास कठीण होणे आणि झोप मोडणे हेही सामान्य आहे. मधून मधून पोट कडक होऊन पुन्हा सैल पडते. असे पोट कडक होणे अनियमित असेल आणि विश्रांतीने थांबत असेल, तर त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. थोडे थोडे पण अनेक वेळा जेवणे, पाय उंचावर ठेवून बसणे आणि पुरेसे पाणी पिणे, एवढ्याने यांतील बराचसा त्रास कमी होतो.

या तिमाहीपासून उताणे न निजता कुशीवर निजावे. डावी कूस अधिक बरी. उताणे निजल्याने गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून बाळाकडे जाणारे रक्त कमी होण्याचा संभव असतो. झोपेत कूस बदलून जाग आल्यास घाबरू नये. पुन्हा कुशीवर वळावे.

बाळाची हालचाल ही त्याच्या कुशलाची खूण होय. प्रत्येक बाळाची हालचालीची एक रीत असते आणि आईला ती काही दिवसांत कळते. ती कमी वाटल्यास आईने जेवण करून डाव्या कुशीवर स्वस्थ पडावे आणि हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. 'दिवस भरत आले की बाळ हलावयाचे थांबते' हा समज खोटा आहे.

काम आणि विश्रांती

गर्भवतीने हिंडूफिरू नये असा याचा अर्थ नाही. घरातील हलके काम आणि चालणे यांनी प्रकृती ठीक राहते. परंतु चिखलाच्या बांधीत तासन् तास वाकून रोवणी करणे, पऱ्ह्यांचे भारे वा लाकडांच्या मोळ्या डोक्यावरून वाहणे, आणि भर उन्हात तेंदूपत्ता तोडणे, ही कामे शेवटच्या तिमाहीत टाळावीत. कीटकनाशकांची फवारणी तर तिने करूच नये. फवारणीचे कपडेही तिच्याकडे धुवावयास देऊ नयेत. दुपारी दोन तास आणि रात्री आठ तास विश्रांती मिळावी.

रोवणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत आणि घरातील एक माणूस कमी झाले तर काम अडते, ही अडचण खरी आहे. ती सातव्या महिन्यातच ध्यानात घेतली, तर तिच्यावर तोड निघते. शेजारच्या घरांशी कामाची अदलाबदल आगाऊ ठरविता येते. बांधीतील कामाऐवजी तिला घरी स्वयंपाकाचे किंवा सावलीतील बसून करावयाचे काम देता येते. एका हंगामाची मजुरी बुडाली तर ती पुढील हंगामात भरून निघेल. मातेच्या प्रकृतीची हानी अशी भरून निघत नाही.

आहार

'पोटभर खाल्ले तर मूल मोठे होईल आणि बाळंतपण अडेल' या भीतीने शेवटच्या महिन्यांत कित्येक ठिकाणी गर्भवतीचे जेवण कमी करतात. यामुळे मूल अशक्त व कमी वजनाचे होते आणि आईचे बळ प्रसूतीच्या वेळी अपुरे पडते. वास्तविक या काळात नित्याच्या जेवणापेक्षा सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात. म्हणजे रोजच्या दोन जेवणांखेरीज एक लहान जेवण वाढवावे. तिचे वजन दरमहा सुमारे दोन किलोने वाढत असल्यास आहार ठीक आहे असे समजावे.

केवळ भात पुरेसा नाही. त्यासोबत तूर, मूग, हरभरा यांचे घट्ट वरण, हिरव्या पालेभाज्या, शेवग्याचा पाला, दूध वा ताक आणि चालत असल्यास अंडी व मासे असावेत. या जिल्ह्यात तलाव पुष्कळ आहेत आणि त्यांतील ताजे मासे हे उत्तम प्रथिनांचे साधन होय. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबर वा लोहाच्या गोळीबरोबर चहा मात्र घेऊ नये.

खर्रा, तंबाखू, गुडाखू आणि मोहाची दारू यांचा गर्भावर प्रत्यक्ष दुष्परिणाम होतो. तंबाखूमुळे मूल कमी वजनाचे होण्याचा आणि अपुऱ्या दिवसांत जन्मण्याचा धोका वाढतो. ही सवय स्त्रीला एकटीने सोडणे कठीण जाते. घरातील पुरुषांनी खर्रा सोडला, तर तिला सोडणे सोपे जाईल.

तपासणी आणि रक्ताची चिंता

गर्भारपणात निदान चार वेळा तपासणी व्हावयास हवी. त्यांपैकी तिसरी २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर येते. प्रत्येक खेपेस वजन, रक्तदाब, लघवी, रक्तातील हिमोग्लोबिन आणि बाळाच्या हृदयाचे ठोके तपासले जावेत. रक्तातील साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत झाली नसेल, तर ती आता करून घ्यावी. धनुर्वाताच्या प्रतिबंधक लशीच्या मात्रा पूर्ण झाल्या आहेत की नाहीत हेही पाहावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून गर्भवतींची मोफत तपासणी केली जाते. वरील उदाहरणातील स्त्रीला ९ जून आणि ९ जुलै हे दोन दिवस मिळतात. ते चुकवू नयेत.

हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असल्यास गर्भवतीला रक्तक्षय आहे असे समजतात आणि ७ पेक्षा कमी असल्यास तो तीव्र असतो. प्रसूतीच्या वेळी थोडेफार रक्त जाणारच. ज्या स्त्रीच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे, तिला ते सोसत नाही. लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज एक याप्रमाणे गर्भारपणात १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस घ्यावयाची असते. या गोळीने शौचास काळे होते. त्याने काही अपाय नाही. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोनदा जेवणाबरोबर घ्याव्यात. लोहाची गोळी त्याच वेळी न घेता दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळ्यांनी रक्त पुरेसे वाढत नसेल, तर शिरेतून लोह देण्याचा उपाय आहे. परंतु त्याचाही परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. म्हणूनच रक्ताची तपासणी सातव्या महिन्यात करणे हिताचे होय.

पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार बऱ्याच समाजांत आढळतो. गर्भवतीची आणि तिच्या पतीची ही तपासणी झाली नसेल, तर ती करून घ्यावी. केवळ वाहक असलेल्या स्त्रीला बहुधा त्रास होत नाही. प्रत्यक्ष आजार असलेल्या स्त्रीची प्रसूती मात्र रक्ताची व तज्ज्ञ डॉक्टरांची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी आणि लोहाच्या गोळ्याही तिने डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. या भागात हिवतापाचाही उपद्रव असतो. गर्भवतीने नेहमी मच्छरदाणीत निजावे आणि ताप येताच, घरगुती उपायांत दिवस न घालविता, रक्त तपासून घ्यावे.

धोक्याच्या खुणा

पुढीलपैकी एकही खूण दिसल्यास उद्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे :

अंगावरून रक्त जाणे, मग ते थोडे असो वा पुष्कळ, आणि पोट दुखत असो वा नसो;
तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, तोंडावर व हातांवर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे;
झटके येणे;
बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे;
अंगावरून पाणी जाणे;
३७ आठवड्यांपूर्वी नियमित कळा येणे;
ताप, स्वस्थ बसले असता दम लागणे किंवा छातीत धडधड;
तळहात व तळपाय यांना असह्य खाज सुटणे.

यांतील डोकेदुखी, अंधारी व सूज ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास तो दुर्लक्षिण्यासारखा नसतो; त्यातूनच पुढे झटके येतात. झटके आलेल्या स्त्रीला बाहेरची बाधा झाली असे समजून मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला वेळ प्राणघातक ठरतो.

प्रसूतीची सिद्धता

प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झाला, तर माता दोन तासांच्या आतही दगावू शकते. असा स्राव कोणाला होईल हे आधी नेहमीच सांगता येत नाही. सर्व काही सुरळीत असलेल्या स्त्रीलाही तो होतो. म्हणून प्रसूती रुग्णालयातच व्हावी. चिचगड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. गोंदिया येथे बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. आपल्या स्त्रीची प्रसूती कोठे व्हावयाची, आणि शस्त्रक्रिया किंवा रक्त लागल्यास कोठे न्यावयाचे, हे तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारून आधीच निश्चित करावे. पूर्वी शस्त्रक्रिया झालेली, जुळी असलेली, मूल आडवे असलेली, रक्तदाब वाढलेली अथवा तीव्र रक्तक्षय असलेली स्त्री मोठ्या रुग्णालयातच जावी.

त्याबरोबरच पुढील गोष्टी सातव्या महिन्यात ठरवाव्यात. १०२ या क्रमांकावर गर्भवतीसाठी व १०८ वर तातडीच्या प्रसंगी रुग्णवाहिका मिळते; परंतु गावात फोन लागत नसेल किंवा नाला भरला असेल, तर कोणाची गाडी मिळेल आणि कोणत्या वाटेने जावयाचे, हे आधीच नक्की असावे. रक्त देण्यास तयार असलेल्या दोघांची नावे लिहून ठेवावीत. घरातील मुले व जनावरे कोणी सांभाळावयाची हे ठरवावे. स्वच्छ कपडे, बाळाला गुंडाळण्यासाठी मऊ धुतलेले सुती कापड आणि कागदपत्रे एका पिशवीत भरून ठेवावीत.

ज्या गावांची वाट पावसाळ्यात बंद होते, तेथील स्त्रीने वेणांची वाट न पाहता काही दिवस आधीच रुग्णालयाजवळ येऊन राहावे. आदिवासी भागातील काही आरोग्य केंद्रांच्या आवारात याच हेतूने 'माहेरघर' उभारण्यात आले असून तेथे गर्भवती व तिच्यासोबतचे माणूस यांच्या राहण्याजेवणाची सोय असते. आपल्या केंद्रात अशी सोय आहे काय, याची चौकशी करावी.

पहिल्या बाळंतपणासाठी लेकीला सातव्या महिन्यात माहेरी नेण्याची चाल आहे. डोहाळेजेवण होते, ओटी भरली जाते आणि मुलगी माहेरी येते. ही चाल चांगली आहे. तिच्यामुळे विश्रांती मिळते. मात्र तिच्याबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड, तपासण्यांचे कागद आणि उरलेल्या गोळ्या आल्या पाहिजेत. माहेरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तेथील आशा स्वयंसेविकेला आणि परिचारिकेला भेटावे. अन्यथा सासरच्या गावच्या यादीतून ती गेलेली आणि माहेरच्या यादीत न आलेली, अशी स्थिती होऊन नेमक्या महत्त्वाच्या तपासण्या राहून जातात.

खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ सालापासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार, रक्त आणि घरून रुग्णालयात व तेथून घरी येण्याजाण्याचे वाहन ही सर्व मोफत आहेत. आदिवासी क्षेत्रातील ज्या अंगणवाड्यांना अमृत आहार योजना लागू आहे, तेथे शेवटच्या तिमाहीत गर्भवतीला रोज एक पूर्ण ताजे जेवण मिळते. ते तिने अंगणवाडीतच बसून खावे. घरी नेले तर ते सर्वांत वाटले जाते.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा व परिचारिका यांनी दर वर्षी मे महिन्यात एकत्र बसून एक यादी करावी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ज्यांचे दिवस भरतात अशा गावातील सर्व गर्भवतींची नावे तीत असावीत. प्रत्येकीपुढे प्रसूतीची तारीख, हिमोग्लोबिन, रक्तदाब, ठरलेले रुग्णालय, वाहन आणि वाटेतील नाला लिहावा. नंतर त्या घरी जाऊन पती व सासूबाई यांच्यासमक्ष बोलावे, कारण निर्णय बहुधा त्यांच्या हाती असतो. ज्या घरात गोंडी बोलतात तेथे गोंडीतूनच सांगावे. जुन्या सुईणींना दुखवू नये. त्यांच्या शब्दाला गावात मान असतो आणि त्या गर्भवतीबरोबर रुग्णालयात आल्या तर तिला धीर येतो.

ज्या रकान्यात काही लिहिलेले नाही, तेथे काम शिल्लक आहे असे समजावे. मृग नक्षत्र निघण्यापूर्वी शेतकरी बांधीचे धुरे नीट करून घेतो, कारण पाऊस सुरू झाल्यावर ते काम होत नाही, हे तो जाणतो. गर्भवतीच्या यादीतील रिकामे रकानेही त्यापूर्वीच भरले गेले पाहिजेत.